चतुराआत्याचा पहिला वाढदिवस

आमच्या चतुराआत्यानं पंचाहत्तर वर्षांत एकदाही वाढदिवस केला नाही, आणि पहिला केला तो स्वतःची तेरवी समजून. चूक कोणाची यावर आमच्या घरात अजून वाद आहेत. मला विचाराल तर सगळ्यांची थोडी थोडी, आणि पप्पूची सगळ्यात जास्त.

चतुराआत्या म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण. मूल होत नाही म्हणून सासरच्यांनी तिला राणीसावरगावात आणून घातलं, ती कायमची. तेव्हा ती विशीतही नव्हती. सासरबद्दल ती कधी बोलली नाही आणि आम्हीही विचारलं नाही, कारण आत्याला विचारायची एक पद्धत आहे : तिनं सांगितलं तर ऐकायचं.

आमच्या घरचे सगळे ऊसतोडीला जायचे. दिवाळी झाली की ट्रक दाराशी लागायचे. भांडी, कोयते, कोंबड्या, म्हातारा कुत्रासुद्धा ट्रकात चढायचा, आणि आम्ही पोरं खाली उभी. पाडव्यापर्यंत आई-बापांचं तोंड दिसायचं नाही. तेवढे महिने चुलत-मावस धरून घरभर झालेली सगळी लेकरं एकट्या आत्याच्या गळ्यात. आमची शाळा बुडू नये म्हणून ती गावात थांबली, नाहीतर कोयता तिलाही चालवता येत होता, आणि पुरुषांपेक्षा बरा.

ती प्रेमळ होती असं मी म्हणणार नाही. तिचा हात आधी चालायचा आणि तोंड नंतर, आणि तोंड एकदा सुरू झालं की हात बरा वाटायचा. पण रात्री कंदील घेऊन ती प्रत्येकाचे पाय बघायची, कोणाला काटा बोचलाय का, कोणाच्या टाचा फुटल्यात का. लहान असताना मला आईची आठवण यायची आणि मी कोपऱ्यात मुसमुसायची. एकदा आत्यानं मला उचललं आणि चुलीपाशी नेऊन बसवलं. "रडायचंच आसंल तं हितं बसून फुकनी फुक," म्हणाली. "धुरानं डोळे आले म्हनून सांगता येतं." मी फुंकत फुंकत रडले, विस्तवही झाला आणि माझंही झालं. पुढं आम्हा सगळ्यांची ती जागाच ठरली. चुलीपाशी कोणी आपणहून जाऊन बसलं की बाकीचे समजून घ्यायचे.

आता ती गाठ.

दिवाळीत आत्याच्या गळ्याला गाठ दिसली. मी गंगाखेडला असते, शिवणकामाचं दुकान आहे माझं. मी आणि माझा चुलतभाऊ पप्पू तिला परभणीला घेऊन गेलो. डॉक्टरांनी गाठीचा तुकडा काढून तपासायला पाठवला. तो नीट आला नाही म्हणून परत बोलावलं, परत काढला. प्रत्येक वेळी परत येताना परभणी मागं पडली की रेल्वेच्या डब्यात आत्या विचारायची, "काय म्हनला डागदर?" आणि आम्ही दोघं एकमेकांकडे न बघता म्हणायचो, "काय न्हाई." डॉक्टर कॅन्सरची शंका बोलले होते, पण तोंडानं काय न्हाई. दादांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, विचारलं तरी काय न्हाई. पप्पूच्या आईनं, मालनकाकूनं विचारलं, तिलाही काय न्हाई.

डिसेंबर संपता संपता डॉक्टरांचा फोन आला. मी दुकानात कापड बेतत होते. गाठ साधी आहे, कॅन्सर वगैरे काही नाही, औषधानं बसेल आणि नाही बसली तरी बिघडत नाही, असं ते म्हणाले. मी कात्री खाली ठेवली आणि तिथंच फरशीवर बसले. गिऱ्हाईक बाईनं मला पाणी दिलं. जीव भांड्यात पडतो म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळलं. पप्पू साखर कारखान्यात फिटर आहे. त्याला फोन लावला तर मशिनीच्या आवाजात तो बराच वेळ नुसता हॅलो हॅलो करत राहिला, आणि मग मला कळलं की तो रडतोय.

त्याच संध्याकाळी तो गावी गेला आणि आत्यासमोर बसून म्हणाला, "आत्या, काय न्हाई."

हेच ते वाक्य. दोन महिने खोटं म्हणून जे वापरलं, तेच त्यानं खरं म्हणून वापरलं. आत्यानं मान हलवली आणि भाकरी थापायला गेली. तो समजला, तिला सांगून झालं. ती समजली, पोराचा आवाज आज जास्तच भरून आलाय.

वाढदिवसाची कल्पनाही त्याचीच. आत्याची जन्मतारीख कोणालाच ठाऊक नाही. रझाकारांची धामधूम संपून, पोलीस ॲक्शन झाल्यावर दोन-तीन पावसाळ्यांनी ती झाली, एवढंच आजी सांगायची. आधार कार्डावर कोणीतरी एक जानेवारी टाकून दिली आहे. त्या पिढीचं निम्मं गाव एक जानेवारीलाच जन्मलेलं आहे. तर एक जानेवारी तोंडावर होती, आणि पप्पूनं ठरवलं, आत्याची पंचाहत्तरी करायची, सगळ्या लेकरांना बोलवायचं. गाठीचं बोलायचंच नाही, आनंदाच्या दिवशी आजाराचं नाव कशाला. मला ते पटलं. हे पटलं नसतं तर पुढचं काही झालं नसतं.

मी गावी गेले तेव्हा आत्यानं मला आत बोलावलं. तिच्यासाठी नवं लुगडं आणलं होतं, त्यावरच्या झंपराचं माप घ्यायचं होतं. "सैल शिव," ती म्हणाली. "बाह्या लय सैल ठिव. घालनाऱ्याला तरास नगं." मी म्हटलं, घालणारी तूच ना, आणि टेप गुंडाळून ठेवला. तिनं शेळी शेजारी देऊन टाकली होती. तिच्याच्यानं आता होत नसेल, असं मला वाटलं. माझ्या वैष्णवीला, म्हणजे माझ्या मुलीला, तिनं आपले चांदीचे वाळे दिले. आजीला नातीचं कौतुक, असं मला वाटलं. ताटात अर्धी भाकर तशीच राहायची, ते मी थंडीवर ढकललं. मी स्वतःला शहाणी समजते, हे इथं नमूद करून ठेवते.

आणि आम्ही सगळे तिच्याशी गोड बोलत होतो. दिवाळीपासून कोणी तिला उलटून बोललेलं नव्हतं. मी आणि आत्या एका स्वभावाच्या, आमचं प्रेम आरडाओरड्यानंच चालतं. पण गाठ दिसल्यापासून मीसुद्धा हळू आवाजात, "आत्या, पाणी देऊ का," "आत्या, दमलीस का." आमच्या घरात इतकं मऊ कोणी कोणाशी बोलत नाही. फक्त एकाच प्रकारच्या माणसाशी बोलतात.

मालनकाकूचं सांगायला हवं. काकू म्हणजे आत्याच्या धाकट्या भावाची, बन्सीधरकाकांची बायको. काका गेले, काकू शेजारच्याच खोल्यांत राहते, मधे एक भिंत. दोघी तीसेक वर्षं एकमेकींशी बोलत नव्हत्या.

पप्पू नुकता चालायला लागला तेव्हा काकूनं त्याला आत्याजवळ सोडून पहिल्यांदा ऊसतोड धरली. पाडव्याला ती परत आली, ट्रकातून उडी मारून धावली, आणि पप्पू आत्याच्या लुगड्यामागं लपला. आत्याला तो माय म्हणायला लागला होता. काकू कोणाला काही बोलली नाही. पण पुढच्या वर्षीपासून ती त्याला बरोबर घेऊन जायला लागली. उसाच्या फडावर, पाचटाच्या कोपीत, उघड्यावर. त्याच्या शाळेचं वय झालं तरी तेच. आत्याला ते सोसलं नाही. तिनं आयुष्यात गंगाखेडच्या पलीकडं पाय टाकलेला नव्हता, पण एसटी बदलत, विचारत विचारत ती पार सांगलीकडच्या फडावर पोचली आणि म्हणाली, पोरगं द्या, शाळेत घालते. तेव्हा काकू साऱ्या टोळीसमोर बोलली, "तुमाला लेकरू न्हाई. तुमाला काय कळंल मायचं?"

आत्या तशीच परत आली. पुढच्या साली काकांनी पप्पूला गुपचूप आणून तिच्या दारात सोडलं. तिनं त्याला आत घेतलं, शाळेत घातलं, आयटीआय केला. पण काकूशी शब्द नाही. निरोप द्यायचा तर आमच्यामार्फत. आम्ही नसलो तर दोघी शेळीला सांगायच्या, मोठ्यानं, म्हणजे भिंतीपलीकडं ऐकू जाईल.

एक तारखेला अंगणात मांडव पडला. पप्पूनं फ्लेक्स करून आणला होता. फ्लेक्सवाल्यानं आत्याच्या फोटोमागं पांढरे ढग टाकलेले आणि डोक्याभोवती पिवळा उजेड. मी म्हटलं, हे काय रे. तो म्हणाला, पंचाहत्तरीला हेच डिझाइन चालतं. दुसरीकडं आचाऱ्यानं बुंदीची कढई चढवली होती, तोच आचारी, जो गावातल्या सगळ्या तेरव्यांना असतो, कारण आमच्याकडं दुसरा नाही. आत्या नवं लुगडं नेसून बाहेर आली, ढगातल्या स्वतःकडं थोडा वेळ बघितलं आणि खुर्चीत बसली. तिचा चेहरा एकदम शांत होता. मला वाटलं, भारावली.

बायकांनी पंचाहत्तर दिव्यांनी ओवाळलं. मग एकेक जण बोलायला उठला. हरिओम, आमचा मावसभाऊ, नांदेडला बँकेत आहे. त्यानं चुलीपाशी बसून रडण्याची गोष्ट सांगितली, आणि सांगता सांगता खरंच रडला, धूर नसताना. दादा म्हणाले, आक्का नसती तर माझी लेकरं फडातच वाढली असती, आणि उपरण्यानं डोळे पुसत खाली बसले. पप्पू तर माइकपाशी गेला आणि नुसताच नमस्कार करून परत आला. आत्या प्रत्येकाकडं बघत होती, जसं काही प्रत्येकाला नीट बघून ठेवायचं होतं. मांडवाच्या कडेला, खांबाला टेकून, मालनकाकू उभी होती.

शेवटी दिनकरराव गुरुजी उठले. गुरुजी शाळेतून निवृत्त झालेले, वय झालेलं, आवाज अजून खणखणीत. गावात कोणाचीही माती असली की श्रद्धांजलीचं भाषण त्यांचंच असतं. दुसरं कोणी गावात बोलत नाही, त्यामुळे पप्पूनं त्यांनाच सांगितलं होतं. ते बोलले छान. चतुराबाईंनी स्वतःचं लेकरू नसताना अर्ध्या भावकीची लेकरं शिकवली, अशी माणसं गावाला पुन्हा मिळत नाहीत, त्यांचा आदर्श आपण सर्वांनी पुढं चालवला पाहिजे. लोक माना डोलवत होते. मग त्यांनी चष्मा काढला, नेहमीसारखा, आवाज खाली आणला, नेहमीसारखा, आणि म्हणाले, "आता मी विनंती करतो, सर्वांनी आपापल्या जागी दोन मिनिटं स्तब्ध उभं राहावं."

आणि सगळे उभे राहिले.

सवय ही अशी असते. खुर्च्या सरकल्या, टोप्या डोक्यावरून हातात आल्या, बायकांनी पदर सारखे केले, माना खाली गेल्या. मीसुद्धा उभी राहिले. अर्ध्या मिनिटानं गुरुजींचे डोळे उघडले आणि त्यांचा रंग उडाला. पण सुरू झालेली शांतता मधेच मोडायची कशी, हे त्यांना माहीत नव्हतं. फक्त आत्या बसून होती. तिनं सगळ्यांकडं बघून हात जोडले.

"येते मी," ती म्हणाली. "लेकरांनो, नीट ऱ्हावा."

माझ्या डोक्यात तेव्हा सगळा हिशेब लागला. सैल बाह्या, शेळी, वाळे, अर्धी भाकर. मी काही बोलणार, तेवढ्यात मांडवाच्या कडेनं मालनकाकू चालत आली, थेट, माणसं बाजूला सारत, आणि आत्याच्या पायाशी बसली.

"वन्सं," ती म्हणाली. तीस वर्षांत पहिल्यांदा. "त्या दिशी फडात म्या बोल्ले, ते तुमी संगं घिऊन जाऊ नका. माझं पोरगं तुमच्यामागं लपलं, ते मला सोसलं न्हाई. म्हनून बोल्ले. तुमीच माय हाव त्याच्या. मला तवाच ठावं होतं."

आत्यानं तिच्या डोक्यावर हात ठेवला. "तुझं काय चुकलं," ती म्हणाली. "म्या त्याला माय म्हनू दिलं. आत्या म्हन म्हनून सांगाय पायजे होतं. मला सांगू वाटलं न्हाई."

सगळा मांडव रडत होता. पप्पू तर लहान पोरासारखा. खरं सांगते, मलाही रडू येत होतं, पण त्याआधी राग आला, दिवाळीपासून दाबून ठेवलेला. मी गुरुजींच्या हातातून माइक घेतला.

"कोन मरायलंय?" मी म्हणाले, आणि ते माइकवरून सगळ्या गावाला ऐकू गेलं. "आत्या, कोन मरायलंय? गाठ साधी हाय म्हनून डागदरानं सांगितलंय. पप्पूनं तुला सांगितलं न्हाई का?"

"सांगितलं की," आत्या म्हणाली. "काय न्हाई म्हनला. दिवाळीपून तुमी सारेच काय न्हाई म्हनायलाव. दोनदा सुई टोचली, तवाबी काय न्हाई. आन आता ढगात फोटू लावलाव, बुंदी पाडायलाव. मला काय कळत न्हाई का?"

"कळत न्हाई," मी ओरडले. "तुला बिलकुल काय कळत न्हाई. चार दिस अर्ध्या भाकरीवर बसलीस, चांगली दुभती शेळी फुकट दिऊन बसलीस, माझ्याकडून मढ्याचं झंपर शिवून घितलंस. डोकं फिरलंय का तुझं? धा वेळा इचारता येतं ना मानसाला. आता गपगुमान उठ आन जेव, न्हाई जेवलीस तं ती बुंदी डोक्यावर पालथी घालीन तुझ्या."

एवढं सगळं मी बोलून गेले. पंचाहत्तरीच्या दिवशी, पाहुण्यांसमोर, माइकवरून. दादांनी माझ्याकडं असं बघितलं की मी माइक खाली ठेवला.

आत्या माझ्याकडं बघत होती. मग तिच्या तोंडावर काहीतरी हललं.

"मी न्हाई मरायले, मालन," ती काकूला म्हणाली.

"कशावरून?" काकूनं डोळे पुसत विचारलं.

"मरनाऱ्या मानसाला आसं कुनी वरडत न्हाई. दिवाळीपून सारे गुळावानी बोलायलेत माझ्याशी. तवाच म्या वळकलं, आपलं काय खरं न्हाई. आज ही पैल्यांदा मानसावानी बोल्ली."

आधी हरिओम हसला, मग दादा, मग सगळे. गुरुजी हात जोडून म्हणत होते, सवयीनं झालं हो, सवयीनं, आणि आत्या त्यांना म्हणाली, आसू द्या गुर्जी, माझ्या मातीला बोलायचं राहिलं तर राहिलं, आयकून तर झालं. मी तिच्याजवळ जाऊन बसले आणि तिच्या मांडीवर डोकं ठेवलं. तिनं माझ्या पाठीत एक धपाटा घातला, चांगला जोरात. इतकं बरं मला कित्येक महिन्यांत वाटलं नव्हतं.

मालनकाकू मात्र उठली. पदर सावरत, कोणाकडं न बघता, ती निघाली होती. आत्यानं तिचा हात धरला.

"कुठं चाल्लीस?"

"मला वाटलं, तुमी…" काकू खाली बघत होती.

"मरायले म्हनून आलीस?"

"व्हय," काकू म्हणाली. "न्हाईतर धीर झाला नस्ता."

आत्यानं तिचा हात सोडला नाही. "मलाबी झाला नस्ता," ती म्हणाली. "मंग आता काय करायचं? बोलल्यालं मागं घ्यायचं का?"

काकूनं नुसती मान हलवली, नाही म्हणून.

"मंग बस. लय वर्सं जगले तं रोज बोलावं लागंल तुझ्याशी. मला सवय न्हाई."

"मला तरी कुठं हाय," काकू म्हणाली आणि बसली.

पप्पूनं दोघींना ताटं वाढून आणली. त्याच्या हातातून वरण सांडत होतं, तो कधी हिच्याकडं बघायचा, कधी तिच्याकडं. आत्या महिनाभरात जेवली नव्हती तशी जेवली, बुंदी दोनदा मागून घेतली. मग तिनं वरणाचा घास घेतला, तोंड वाकडं केलं आणि काकूला म्हणाली की मीठ कमी आहे. काकू म्हणाली, मीठ बरोबर आहे. आत्या म्हणाली, तुला कधी कळलंय मीठ. काकू म्हणाली, तीस वर्षांत माझ्या हातचं खाल्लंय का तुमी. आम्ही कोणी मधे पडलो नाही.